शिकविणाऱ्यास कोणी शिकवावे?

आपल्या देशात पहिलीच्या मुलास अक्षरे गिरवावयास शिकविणाऱ्या शिक्षकाला अध्यापनाची पदविका घ्यावी लागते. अलीकडे तर पात्रता-परीक्षाही द्यावी लागते. माध्यमिक शाळेतील शिक्षकाला बी.एड. झाल्यावाचून कायम होता येत नाही. परंतु जो महाविद्यालयात अथवा विद्यापीठात अध्यापन करणार, त्याला कसे शिकवावे हे कोणी शिकविलेले असावे, अशी अट मात्र कोठेच नाही. त्याच्यापाशी पदव्युत्तर पदवी हवी. १९८९ साली सुरू झालेली 'नेट' किंवा राज्याची 'सेट' परीक्षा तो उत्तीर्ण झालेला हवा, अथवा नियमानुसार पीएच.डी. हवी. 'नेट'च्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनासंबंधी काही प्रश्न असतात, हे खरे. पण पोहण्यावरील प्रश्नांची अचूक उत्तरे लिहिल्याने कोणी पोहणारा ठरत नाही. म्हणजे विद्यार्थी जसजसा मोठा होत जातो, तसतशी त्याला शिकविणाऱ्याच्या अध्यापनकौशल्याविषयीची समाजाची चौकशी कमी होत जाते आणि ज्या पायरीवर विषय सर्वांत गहन, तेथे ती अजिबात थांबते.

एवढ्यावरच हे संपत नाही. प्राध्यापक एकदा वर्गात शिरला आणि दार लोटले गेले, की पुढील तीस-पस्तीस वर्षे त्याच्या अध्यापनाला विद्यार्थ्यांवाचून दुसरा साक्षीदार बहुधा लाभत नाही. त्याचे शोधनिबंध परीक्षक वाचतात, त्याच्या पुस्तकांची परीक्षणे होतात. पण ज्या कामासाठी त्याला मुख्यतः वेतन मिळते, ते काम त्याच्या बरोबरीचा एकही मनुष्य डोळ्यांनी पाहत नाही. वकिलाचा युक्तिवाद प्रतिपक्ष ऐकतो, गवयाचे गाणे दुसरे गवई ऐकतात, सुताराने केलेली चौकट दुसरा सुतार येता-जाता न्याहाळतो. प्राध्यापकाचा तास मात्र हवेत विरून जातो.

अशा मनुष्याच्या सोबतीस एखादा अनुभवी मार्गदर्शक द्यावा, त्याने वर्गात बसावे, पाहावे, नंतर एकांतात दोन गोष्टी बोलाव्यात, ही कल्पना परदेशांतील विद्यापीठांत आता रुळली आहे आणि आपल्याकडेही तिची भाषा ऐकू येऊ लागली आहे. तिच्या सोयी-गैरसोयींची चर्चा प्रशासक करतीलच. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो तिच्या पोटात दडलेल्या नैतिक प्रश्नाचा. जो स्वतः इतरांना ज्ञान देतो, त्याने आपले काम दुसऱ्यास दाखविले पाहिजे, असे त्याच्यावर बंधन आहे काय? असल्यास ते कोणाविषयीचे बंधन? आणि ज्याला ते दाखवावयाचे, त्याच्या हाती कोणती सत्ता असावी, अथवा कोणती नसावी?

प्रथम शब्दाविषयी थोडे बोलू. इंग्रजीतील 'कोच' हा शब्द मुळात हंगेरीतील कोच नावाच्या गावातून आला. तेथे बनणाऱ्या घोडागाडीला ते नाव पडले. १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी खासगी शिकवणी घेणाऱ्यास थट्टेने 'कोच' म्हणावयास प्रारंभ केला, कारण परीक्षेच्या पैलतीरास तो विद्यार्थ्याला गाडीत घालून नेल्यासारखा नेई. केंब्रिजला तर गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेसाठी अशा शिक्षकांचा एक वर्गच निर्माण झाला. विल्यम हॉपकिन्स या शिक्षकाचे दोन विद्यार्थी १८५४ साली एकाच परीक्षेस बसले. त्यांतील एडवर्ड राउथ पहिला आला, म्हणजे 'सीनियर रँग्लर' झाला. दुसरा क्रमांक जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा लागला. राउथ स्वतः पुढे त्या युगाचा अग्रगण्य 'कोच' झाला व त्याच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. दुसरा आलेला मॅक्सवेल विद्युत् आणि चुंबकत्व यांना एका सूत्रात गोवून पदार्थविज्ञानाचे रूप पालटून गेला. आपल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांनी १८९९ साली हाच बहुमान मिळविला व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात आयुष्याची अनेक वर्षे वेचली. १९०९ नंतर केंब्रिजने ही क्रमवारी बंद केली. ती का बंद करावी लागली, हे आज राजस्थानातील कोटा शहराकडे पाहिले तरी समजण्याजोगे आहे.

राउथची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. पण गाडीत घालून नेणे आणि बरोबर चालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत मुक्काम आधीच ठरलेला असतो व प्रवाशाने काही करावयाचे नसते. दुसरीत चालणाऱ्याचे पाय चालणाऱ्याचेच राहतात. १९७४ साली टिमथी गॉल्वे या टेनिस शिक्षकाने एक पुस्तक लिहिले. शिकविणाऱ्याने सूचना कमी कराव्या आणि खेळणाऱ्याचे लक्ष चेंडूकडे वळवावे, म्हणजे खेळणारा पुष्कळसे आपोआप शिकतो, असे त्याचे सांगणे होते. त्या पुस्तकानंतर या शब्दाचा अर्थ बदलत गेला व उद्योगधंद्यांतून फिरत फिरत तो विद्यापीठांत पोचला.

आपल्या भाषेला या गोष्टीसाठी परका शब्द शोधण्याची गरज नव्हती. संगीतात 'तालीम' हा शब्द आहे आणि तालीम ही केवळ नवशिक्याची गोष्ट नाही, हे गवयांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भास्करबुवा बखले बडोद्यास फैजमहंमदखाँसाहेबांपाशी शिकले, मग आग्रा घराण्याच्या नत्थनखाँपाशी शिकले. आणि स्वतः नामांकित गवई म्हणून मान्यता पावल्यावरही अल्लादियाखाँसाहेबांपुढे शिष्य म्हणून बसले. बाल गंधर्व व मास्तर कृष्णराव यांसारख्यांचा गुरू असलेल्या या पुरुषास आणखी एका गुरूसमोर बसण्यात कमीपणा वाटला नाही, आणि श्रोत्यांनाही त्यात त्याचा कमीपणा दिसला नाही. मग प्राध्यापकालाच तो का दिसावा?

येथे पहिला आक्षेप पुढे येतो, आणि तो हलका नाही. गवई म्हणेल, 'मला जे येत नाही ते खाँसाहेबांना येते, म्हणून मी त्यांच्याकडे जातो.' पण मध्ययुगीन इतिहासाच्या किंवा बीजगणिताच्या प्राध्यापकास त्याच्या विषयात कोण शिकविणार? विद्यापीठाचा प्राण म्हणजे विद्वानाचे स्वातंत्र्य. काय शिकवावे आणि कसे शिकवावे हे ठरविण्याचा अधिकार त्याच्यापासून काढून एखाद्या तंत्रज्ञाकडे दिला, तर ते स्वातंत्र्य उरले कोठे? ज्याला विषय ठाऊक नाही, त्याने विषय शिकविण्याची रीत सांगावी, हा उद्धटपणा नव्हे काय?

या आक्षेपाचा विचार करताना आम्हांस एका शस्त्रवैद्याचे उदाहरण आठवते. अतुल गावंडे हे अमेरिकेत जन्मलेले व हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झालेले शस्त्रवैद्य. त्यांच्या वडिलांचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील उटी. आठ वर्षे स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया केल्यावर आपली प्रगती एका पातळीवर येऊन थांबली आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी ज्यांच्या हाताखाली आपण शिकलो, त्या निवृत्त शस्त्रवैद्य रॉबर्ट ऑस्टीन यांस आपल्या शस्त्रक्रियागृहात येऊन केवळ उभे राहण्याची विनंती केली. हा वृत्तांत त्यांनी २०११ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात लिहिला. गावंड्यांच्या समजुतीप्रमाणे ती शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. ऑस्टीन यांच्या टिपणवहीत मात्र बारीक बारीक नोंदी होत्या. हाताचे कोपर मधून मधून खांद्याइतके वर जात होते, आणि ज्याचे कोपर वर गेले त्याच्या हाताची स्थिरता कमी होते. रोग्यावर वस्त्रे अशी आच्छादिली होती की शस्त्रवैद्यास सोयीचे व्हावे, पण समोरच्या मदतनिसाचा हात अडावा. आणि वरचा दिवा जागचा सरकून जवळजवळ अर्धा तास प्रकाश जखमेवर नीट पडतच नव्हता. गावंड्यांना त्याचा पत्ता नव्हता.

यांतील एकही गोष्ट गावंड्यांना ठाऊक नव्हती असे नाही. दिवा जखमेवर असावा हे ते स्वतः विद्यार्थ्यांना सांगत असतील. उणीव ज्ञानाची नव्हती. काम करणारा मनुष्य कामात गुंतलेला असतो आणि काम करणाऱ्या स्वतःला तो त्याच वेळी पाहू शकत नाही, एवढीच अडचण होती. आणि ही अडचण बुद्धिमत्तेने अथवा कीर्तीने दूर होणारी नव्हे.

वर्गातही नेमके हेच घडते. अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधिकेने शाळांतील विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून पाहिले. १९७०च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात असे आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंददेखील धड थांबत नाहीत. आणि तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले की विद्यार्थ्यांची उत्तरे लांब व विचारपूर्ण होतात, एरव्ही गप्प बसणारेही बोलू लागतात. आपण किती थांबतो, हे कोणा शिक्षकास विचारले तर तो काय सांगेल? 'पुरेसे थांबतो', असेच सांगेल, आणि ते प्रामाणिकपणे सांगेल. बीजगणिताच्या प्राध्यापकास बीजगणित शिकविण्याचा प्रश्न येथे नाही. 'आपण फळ्याकडे तोंड करून बोलता तेव्हा मागच्या चार रांगांतील विद्यार्थी लिहिणे थांबवितात', एवढे सांगावयास बीजगणित यावे लागत नाही. मागच्या रांगेत बसावे लागते. स्वातंत्र्याला यात धक्का बसत नाही. आपण काय करीत आहोत हे न पाहता करीत राहणे, यास स्वातंत्र्य म्हणावयाचे की सवय, याचा विचार विद्वानांनीच करावा.

मग हे बंधन कोणाविषयी? आमच्या मते ते विद्यार्थ्याविषयी आहे. विद्यार्थी प्राध्यापकाची निवड करीत नाही. वेळापत्रक ती करते. त्याच्या आयुष्यातील दोन-तीन वर्षे आणि बहुधा त्याच्या बापाचे कर्ज त्या वर्गात गुंतलेले असते. तास समजला नाही तर दोष आपल्या बुद्धीचा, असेच तो समजतो, विशेषतः घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेला विद्यार्थी. ज्याचे नुकसान होत आहे त्यालाच ते नुकसान आपली अपात्रता वाटते, तेव्हा ते रोखण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर अधिकच येते. म्हणून आपले अध्यापन कोणा जाणत्याच्या दृष्टीस पडू देणे हे प्राध्यापकाचे कर्तव्य आहे, निव्वळ हौस नव्हे, असे आम्हांस वाटते.

कर्तव्य म्हटले की शासनयंत्रणा पुढे सरसावते. आपल्याकडील इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने नव्या अध्यापकांसाठी उद्बोधनवर्ग भरवावेत व मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी कायमची 'स्टाफ कॉलेजे' असावीत असे सुचविले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, ही आपणा मराठी वाचकांस अभिमानाची गोष्ट. ही सूचना वीस वर्षे पडून राहिली. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने 'अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे' उघडली. २०१५ साली त्यांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र झाले. २०२३ पासून हे कार्य मालवीय मिशनच्या नावाने चालते. या संस्थांनी पुष्कळ चांगले काम केले आहे. ओडिशाचा अध्यापक आणि कर्नाटकाचा अध्यापक काही आठवडे एकत्र राहिले, एकमेकांची दुःखे त्यांनी ऐकली, हीसुद्धा सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि या वर्गांना हजर राहिल्याचे प्रमाणपत्र पदोन्नतीशी जोडले गेले, आणि तेथेच वृक्षाला कीड लागली. २०१०च्या नियमावलीने तर अध्यापकाच्या प्रत्येक कृतीस गुण देण्याची पद्धत आणली. २०१८ साली ती बरीचशी सैल करावी लागली. ज्या वर्गाचे फळ प्रमाणपत्र, त्या वर्गात मनुष्य प्रमाणपत्रासाठीच जाणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे जे ठेवले तेच त्याने उचलले. शिवाय शंभर अध्यापकांना एका सभागृहात बसवून उत्तम अध्यापनावर व्याख्यान दिल्याने शंभरांतील एकाचेही कोपर खाली येत नाही. ते ज्याचे त्याला, त्याच्याच वर्गात, कोणी तरी दाखवावे लागते.

परंतु याहून खोल असा दोष दुसराच आहे, आणि तो समजावून घेण्यास आपल्या संतचरित्रांतील एक कथा पुरेशी आहे. तेर गावी गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने विचारले, यांतील मडकी पक्की कोणती आणि कच्ची कोणती? गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर वाजवून पाहिले. इतर शांत राहिले. नामदेवांना राग आला. गोरोबांनी निकाल दिला की हे मडके कच्चे. नामदेव तेव्हा कोणी सामान्य भक्त नव्हते. विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, अशी त्यांची ख्याती होती. ते रडत पंढरपुरास गेले, आणि तेथून विसोबा खेचरांकडे औंढ्या नागनाथास. विसोबा पिंडीवर पाय टाकून निजलेले. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा एवढेच म्हणाले की, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून नेतात तो जेथे ठेवावेत तेथे पिंडच.

ही कथा आपण अहंकारनिरसनाची म्हणून ऐकत आलो. आम्हांस तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. गोरोबा आणि विसोबा ही दोन माणसे आहेत, एक नव्हे. गोरोबांनी चारचौघांत परीक्षा केली व निकाल सांगितला. निकाल खरा होता, तरी त्या निकालाने नामदेव पक्के झाले नाहीत, केवळ दुखावले. पक्के झाले ते औंढ्याच्या देवळात, जेथे कोणी प्रेक्षक नव्हता आणि ज्याच्यापुढे ते उभे होते त्याला त्यांच्याविषयी कोणासही काही कळवावयाचे नव्हते. विसोबांनी उत्तरही सांगितले नाही. नामदेवांच्या हातांनाच काम दिले.

परीक्षकाचे काम आवश्यक आहे. अध्यापकाला पद द्यावे की न द्यावे, हे कोणी तरी ठरविलेच पाहिजे. पण एकाच मनुष्याने एकाच व्यक्तीसंबंधी दोन्ही भूमिका घेऊ नयेत, कारण त्या दोहोंपुढे उभ्या असलेल्या अध्यापकाचे हित उलट दिशांना जाते. परीक्षकापुढे त्याने आपले बळ दाखवावे आणि उणीव झाकावी, हेच शहाणपणाचे. मार्गदर्शकापुढे त्याने उणीवच उघडी केली पाहिजे, नाही तर उपयोग काय? ज्याच्या गोपनीय अहवालावर आपली पदोन्नती अवलंबून, त्या विभागप्रमुखाला कोणता अध्यापक सांगेल, 'महाराज, तिसऱ्या प्रकरणाशी आले की माझी गाडी अडते आणि मी टिपणे सांगून वेळ मारून नेतो'? तो त्या दिवशी आपला घोटून ठेवलेला तास सादर करील, विभागप्रमुख संतोष व्यक्त करील आणि तिसरे प्रकरण होते तेथेच राहील. म्हणून आमचे म्हणणे असे की मार्गदर्शकाच्या हाती कसलीही सत्ता नसावी, आणि त्याने पाहिलेले प्राचार्यांच्या कानी जाऊ नये. सत्तेचा अभाव हेच त्याचे साधन आहे.

आता यावर उलट बाजूने आक्षेप येईल. ही गुप्तता विद्यार्थ्याच्या जिवावर नव्हे काय? विद्यार्थ्याचे हित म्हणून तुम्ही हे कर्तव्य सांगितलेत आणि आता अध्यापकाच्या उणिवा झाकून ठेवावयास निघालात! आक्षेप योग्य आहे व त्याला दोन उत्तरे द्यावी लागतात.

पहिले असे की, विद्यार्थ्याचा आवाज या व्यवहारात आणता येतो, आणि तो निकाल म्हणून न येता साहाय्य म्हणून येऊ शकतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६२ साली अध्ययन-अध्यापनासाठी स्वतंत्र केंद्र काढले. तेथे व इतरत्र एक रीत प्रचलित आहे. सत्राच्या मध्यावर, अध्यापकाच्याच विनंतीवरून, केंद्रातील सल्लागार वर्गात येतो; अध्यापक बाहेर जातो. विद्यार्थी लहान लहान गटांत बसून दोन गोष्टी ठरवितात : या वर्गात शिकण्यास कशाने मदत होते, आणि काय बदलले तर बरे होईल. सल्लागार ते टिपून घेतो व फक्त अध्यापकास सांगतो. पुढच्या तासाला अध्यापकाने वर्गाला सांगावयाचे की, तुमचे अमुक म्हणणे मी स्वीकारले, तमुक स्वीकारता येत नाही आणि ते का. सत्र संपल्यावर भरून घेतलेल्या छापील प्रश्नावलीचा लाभ झालाच तर पुढच्या तुकडीला होतो. या रीतीचा लाभ ज्यांनी तक्रार केली त्यांनाच होतो. नैतिकदृष्ट्या हा फरक लहान नाही.

दुसरे असे की, गुप्ततेला सीमा आहेत आणि त्या आधी सांगितल्या पाहिजेत. वाईट शिकविणे ही एक गोष्ट; विद्यार्थ्याला अपाय करणे ही दुसरी. गुण विकले जात आहेत, एखाद्या विद्यार्थ्याला जातीवरून हिणविले जात आहे, एखाद्या विद्यार्थिनीचा छळ होत आहे, असे मार्गदर्शकाच्या दृष्टीस पडले तर 'मी वचन दिले आहे' म्हणून त्याला गप्प बसता येणार नाही. छळाच्या बाबतीत तर २०१३चा कायदा व २०१५ची विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली यांनी प्रत्येक संस्थेत समिती नेमून दिली आहे. उणीव झाकण्यास मौन उपयोगी पडावे, अपराध झाकण्यास नव्हे. ही रेषा कोठे आहे ते पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलले गेले, तर मागाहून कोणाचा विश्वासघात होत नाही.

एक आक्षेप अजून शिल्लक आहे आणि आम्हांस तोच सर्वांत अवघड वाटतो. आज महाविद्यालयांत शिकविणाऱ्यांपैकी पुष्कळजण घड्याळी तासिकेच्या बोलीवर नेमलेले आहेत. तासाला ठरलेले मानधन, तेही बहुधा काही महिन्यांनी हाती येणारे. सुट्टीचा पैसा नाही. पुढच्या वर्षी काम असेल याची शाश्वती नाही. असा तरुण दोन गावांतील दोन महाविद्यालये एस.टी.ने गाठतो आणि थकून वर्गात उभा राहतो. त्याला मार्गदर्शक देऊन 'मन शांत कसे ठेवावे' व 'वेळेचे नियोजन कसे करावे' हे शिकविणे म्हणजे त्याच्यावर झालेला अन्याय त्याच्याच स्वभावाच्या खाती मांडणे होय. जो दोष पगारपत्रकात आहे तो संभाषणाने दूर होत नाही. अशा ठिकाणी मार्गदर्शन हे मलम नसून पडदा होते, आणि असा पडदा धरणारा मार्गदर्शक, त्याचे मन कितीही निर्मळ असो, संस्थेचा सेवक ठरतो, अध्यापकाचा नव्हे.

म्हणून मार्गदर्शकाचेही एक कर्तव्य सांगावे लागते. दहा अध्यापकांच्या वर्गात बसल्यावर त्याला कोणाविषयी काही सांगता येणार नाही; पण दहांपैकी सात जणांचा घसा एकशेवीस विद्यार्थ्यांच्या ध्वनिवर्धकहीन वर्गात बसला आहे, हे त्याने नावे न घेता व्यवस्थापनास सांगितले पाहिजे. व्यक्तीविषयी मौन आणि परिस्थितीविषयी निर्भय वाणी, ही दोन्ही व्रते त्याने एकदम पाळली पाहिजेत. यांतील दुसरे व्रत पाळण्याची ज्याला परवानगी नाही, त्याने पहिले पाळण्याचे कामही स्वीकारू नये, असे आम्ही म्हणू.

या विवेचनातून जे निष्पन्न होते ते असे. अध्यापकाने आपले काम जाणत्या दृष्टीस पडू द्यावे, हे विद्यार्थ्याविषयीचे त्याचे कर्तव्य आहे. पण ती दृष्टी कोणाची असावी, हे निवडण्याचा अधिकार त्याचा आहे. असा मार्गदर्शक उपलब्ध करून देणे व त्याच्या मौनाचे रक्षण करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. त्याच्याकडून अहवाल मागण्याचा अधिकार तिला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निवृत्त व ज्येष्ठ अध्यापकांनी, विशेषतः भारतीय भाषांतून शिकवू शकणाऱ्यांनी, तरुण अध्यापकांस साहाय्य करावे यासाठी एक राष्ट्रीय योजना सांगितली आहे. तिचे यश किती नोंदणी झाली यावर मोजले जाईल, तर तिचीही प्रमाणपत्रे होतील. महाराष्ट्राबाहेर विद्यादानात हयात घालविलेले किती तरी मराठी अध्यापक आज बडोदे, इंदूर, हैदराबाद, दिल्ली येथे निवृत्त जीवन जगत आहेत. ज्या वर्गात चार मातृभाषांचे विद्यार्थी बसतात तेथे कोणते वाक्य कोठे अडखळते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? त्यांना कोणी बोलावीत नाही, आणि अनाहूत जाण्याची त्यांची वृत्ती नाही.

आरंभ कोणी करावा, हा प्रश्न मात्र उरतोच. आपल्याकडे वरिष्ठ नेहमी कनिष्ठाला सांगतात की, तू शिकून घे. तरुणाने दार उघडावे, ही अपेक्षा सोपी आहे. पण ज्याची नोकरीच पक्की नाही त्याला दार उघडण्याचे भय सर्वांत अधिक, आणि ज्याला कसलेच भय नाही त्याचे दार सर्वांत घट्ट. गावंड्यांचे उदाहरण बोलके आहे ते त्यामुळेच. त्यांना कोणी आज्ञा केली नव्हती. जो विभागातील सर्वांत ज्येष्ठ, ज्याच्या मानमरातबास आता कोणी हात लावू शकत नाही, त्याने एका सकाळी विभागातील सर्वांत तरुण अध्यापकास म्हणावे, 'आज माझ्या तासाला मागे येऊन बसा, आणि काय दिसले ते मला सांगा.' यासाठी निधी लागत नाही, परिपत्रक लागत नाही, केंद्र लागत नाही.

नामदेव औंढ्याहून परतल्यावर मग फार लांब गेले. पंजाबात घुमानपर्यंत पोचले, आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांनी आपल्या ग्रंथसाहेबात घेतली. परक्या मुलखात, परक्या भाषेत त्यांची वाणी ऐकली गेली. तेरच्या अंगणात त्यांनी रागावून उठून जावे आणि पुन्हा कोणापुढे बसू नये, असेही घडू शकले असते. गोरोबांचा निकाल तेव्हाही खराच राहिला असता. घुमान मात्र घडले नसते.